मांडीवरची पावडर

आमच्या घरात मोबाईलच्या चार्जरची वायर टिकत नाही. नवी आणली की थोड्याच दिवसांत ती मानेपाशी मुरगळते. मग तिला चिकटपट्टीची मलमपट्टी होते, मग मोबाईल उशीला एका ठरावीक कोनात टेकवून, श्वास रोखून चार्जिंगला लावावा लागतो, आणि एके दिवशी ती प्राण सोडते. याचं कारण मी माझ्यापुरतं शोधून ठेवलं होतं: हल्लीचा माल. बायको म्हणायची, शेजारी त्याच दुकानातली वायर वर्षानुवर्षं चालते. मी म्हणायचो, त्यांना फोन करतो कोण. इथं तो विषय संपायचा, म्हणजे मी उठून बाहेर जायचो.

वायरचं रडगाणं आधीच लावलं त्याला कारण आहे. मला सांगायचंय ते रॉकेटचं. या दोन्हींचा काही संबंध असेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं आणि मला तर तो अजूनही पुरता पटलेला नाही.

मी बाळापूरकडच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. विज्ञानाशी माझं नातं म्हणजे विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांच्या तासाला जाऊन वर्ग गप्प बसवायचा. लेक मात्र नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठं खोकं घेऊन आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "पप्पा, याला हात लावू नका." माझी एवढी नीट ओळख असलेलं माणूस जगात दुसरं नाही.

खोक्यात रॉकेट होतं. खरंखुरं नव्हे, छोटं. कॉलेजातल्या काही पोरांनी मिळून टीम केली होती आणि त्यांना रॉकेटच्या कुठल्याशा स्पर्धेला जायचं होतं. टीममध्ये मुलगी ही एकटीच.

"वर न्यायचं काम पोरांनी वाटून घेतलं," ती जेवता जेवता म्हणाली. "मला म्हणले, खाली आणायचं तू बघ."

"मग बरंच झालं की," मी म्हणालो. "खाली तर ते आपोआप येतं."

पानिपत सातारा जिल्ह्यात आहे असं लिहिणाऱ्या पोराकडे मी ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. "आपोआपच येतं. पण तुकडे येतेत."

मग तिनं समजावून सांगितलं. रॉकेट म्हणजे हातभर लांबीचं पुठ्ठ्याचं नळकांडं. खाली मोटार, म्हणजे अंगठ्याएवढी दारूची कांडी. वर टोपण. मधल्या पोकळीत घडी घातलेलं पॅराशूट. मोटार पेटली की ते वर जातं, दम संपला की क्षणभर थबकल्यासारखं होतं, तेवढ्यात आतल्या आत एक बारका बार होतो, टोपण उडतं आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. इथपर्यंतचं सगळं दारू करते. पुढचं दोऱ्यांनी करायचं. दोऱ्या एकमेकींपासून मोकळ्या झाल्या तर छत्रीत हवा भरणार. गुंतल्या, तर रॉकेटात आणि ढेकळात काही फरक नाही.

"नीट उघडल्याचा व्हिडिओ पाठवायचाय, सुट्टी संपायच्या आत," ती म्हणाली. "न्हाई पाठवला तर हे काम दुसऱ्याला देतेत."

"अन् तू?" बायकोची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"मी काय. ते जातेत स्पर्धेला, मी बसते होस्टेलवर." मग लोणच्याची फोड ताटाच्या कडेला सारत, "पोरं म्हणली, तुला सोपं दिलंय, शिवण-टिपणासारखंच तर आहे."

ते तिला लागलं होतं हे मलासुद्धा कळलं. म्हणून मी म्हणालो, "काळजी करू नको. मी आहे."

माय-लेकींनी एकमेकींकडे बघितलं. मागे एकदा मी कूलरच्या बाबतीत असंच म्हणालो होतो, तेव्हा पंख्याची जोडणी उलटी झाली आणि सबंध उन्हाळा आमचा कूलर घरातली हवा ओढून गल्ली गार करत होता.

आमचं वावर कळमनुरीच्या रस्त्याला लागून. हरभरा निघून गेलेला, त्यामुळे रान मोकळं. कडेला एक कडुलिंब, त्याच्याखाली बाज, बाजेवर आमचे आबा, म्हणजे माझे वडील. बैल विकून आता बराच काळ झाला, नांगरट ट्रॅक्टरनं होते, तरी आबा दावी आणि कासरे वळतात. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, मांडीवर घ्यायचा, तळहातानं पुढं लोटायचा, पीळ भरला की दुसऱ्या पेडाशी जोडायचा. घरात इतके दोर झाले आहेत की लग्नकार्यात आम्ही आहेरासोबत दोर देतो. लहानपणी मीही त्यांच्या शेजारी बसून वळायचो. माझ्या हातात पेन्सिल आली त्याच्या आधी वाख आला होता. पुढं शिकलो, नोकरी लागली, ते सगळं सुटलं, असं मी समजत होतो.

पहिल्या उड्डाणाला लेकीनं शिस्त लावली. बांधाच्या अलीकडे कुणी यायचं नाही. दांडी रोवली, बॅटरीपासून लांब वायर ओढली. पॅराशूटचं नारिंगी प्लास्टिक तिनं बाजेवर पसरलं, उन्हानं ते चिकटू नये म्हणून त्याच्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली, पाकळीवर पाकळी घडी घातली आणि सगळ्या दोऱ्या हातानं विंचरून एका रेषेत सरळ ठेवल्या. मग ती घडी माझ्या हातात दिली.

"हे फक्त धरून बसा. मी पेटवायची वायर लावून येते, मग आत सारू."

फक्त धरून बसणे हे काम माझ्या आवाक्यातलं होतं. मी बांधावर बसलो, घडी मांडीवर ठेवली आणि आमच्या शाळेतल्या नव्या वेळापत्रकाबद्दल विचार करत राहिलो. ती आली, नजर दांडीकडेच ठेवून घडी घेतली, नळकांड्यात अलगद सरकवली, वरून टोपण बसवलं.

"पाच, चार, तीन..." फुस्स करून ते गेलं. इतक्या झटकन की मी बघत होतो तिथं ते नव्हतंच. धुराची एक रेघ, तिच्या टोकाला ठिपका. फट् असा आवाज आला, टोपण सुटलेलं दिसलं. लेक कुजबुजली, "उघड, उघड, उघड." नारिंगी काहीतरी बाहेर आलं खरं, पण पिळून टाकलेल्या फडक्यासारखं. ते तसंच फडफडत खाली आलं आणि शेजारच्या वावरात धप् झालं.

शेजारचं वावर तांड्यावरच्या एकाचं. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि मी मास्तर झालो याचं त्याला अजून हसू येतं. तो रॉकेट हातात घेऊन बांधापर्यंत आला.

"काय मास्तर, माझ्या वावरात काय पेरून राह्यले?"

"प्रयोग चालू हाय," मी म्हणालो.

"मग खत बी टाका की वाईच."

 लेकीनं दोऱ्या बाजेवर पसरल्या आणि बघत राहिली. सगळ्या मिळून एक वेणी झाली होती. "मी तर सरळ ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "बराबर सरळ."

इथं माझा भूगोल जागा झाला. मी तिला सांगितलं की या दिवसांत काळी जमीन तापते, तापलेली हवा गरगरत वर चढते, म्हणूनच वावटळी उठतात, आणि अशा गरगरत्या हवेत सापडलेली दोरी आपोआप वळली जाते. बोलता बोलता ते मला स्वतःलाच इतकं पटलं की मी बांधावरच्या मातीत बाणांची आकृतीसुद्धा काढली. लेकीनं तिचा फोटो काढला. तो फोटो तिच्या मोबाईलमध्ये अजून आहे, पण आता ती तो वेगळ्या कारणासाठी दाखवते.

घरी आल्यावर तिनं तेच पॅराशूट, तशीच घडी घालून, माळवदावरून खाली सोडलं. उघडलं. पुन्हा सोडलं. छान, भाद्रपदातल्या छत्रीसारखं उघडलं. घरी उघडतं, वावरात उघडत नाही. मी म्हणालो, बघ, वावटळ.

त्या संध्याकाळी बायको माझी पँट घेऊन आली. "ही उजव्या मांडीवर पावडर काहून?"

"पॅराशूटला लावतेत. चिकटू नये म्हणून."

"मंग पॅराशूटला लावायची ना. तुमच्या मांडीला कोण चिकटून राह्यलं?"

मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या खेपेला आम्ही भल्या सकाळी गेलो. जमीन गार, लिंबाचं पान हलत नव्हतं. मधल्या दिवसांत लेकीनं दोऱ्या पुन्हा एकसारख्या मापून बांधल्या होत्या. छत्रीच्या मधोमध एक भोक ठेवलं होतं, म्हणजे हवा तिथून निघून जाईल आणि छत्री डोलणार नाही. धरणावर मासे धरणाऱ्यांकडून गळाला लावायचा फिरता पितळी आकडा आणला होता. तो दोऱ्या आणि रॉकेट यांच्या मध्ये. खाली रॉकेट कितीही गरगरलं तरी आकडाच फिरेल, दोऱ्या स्वस्थ राहतील. मला तो आकडा फार आवडला. फिरवून फिरवून बघत बसलो, तर तिनं काढून घेतला.

घडी झाली. "धरा पप्पा." मी धरली. ती वायर लावायला गेली. शेजारी आज पोराबाळांसकट बांधावर हजर.

"आज कुठं नांगरायचं म्हणता?"

वर गेलं. फट्. पिळलेलं फडकं. धप्.

लेक पळत गेली नाही, चालत गेली. आणलं तेव्हा पितळी आकडा साफ मोकळा होता, बोटानं ढकलला तर भिंगरीसारखा फिरत होता, आणि त्याच्या वरच्या बाजूला सगळ्या दोऱ्यांचा दोर झालेला.

आता वारा नव्हता, म्हणजे मला नवीन कारण शोधणं आलं. ते मी शोधलं. रस्त्याकडेनं विजेच्या मोठ्या तारा गेल्या आहेत, त्यांचा परिणाम. लेक म्हणाली, दोरा नायलॉनचा आहे, त्याला काय परिणाम. मी म्हणालो, मग पावडर कमी पडली असेल. हे तिलाही शक्य वाटलं, म्हणून पुढच्या खेपेला तिनं पावडर दुप्पट टाकली, दोऱ्यांवरसुद्धा. ते उड्डाण आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट झालं. शेजारी म्हणाला नजर लागली आहे, आणि ज्या उत्साहानं तो दर खेपेला येत होता ते बघता कुणाची, हे मला सांगायची गरज वाटली नाही.

माझ्या डोक्याचा पार गोंधळ उडाला होता. एकच वस्तू, एकच घडी, एकच हात. माळवदावरून उघडते, वावरात दोर होऊन येते. मी सुट्टीतल्या जादा तासांना हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवताना थांबून फळ्याकडे बघत राहायचो. एके रात्री झोप येईना तेव्हा मला आबांचा संशय आला. वावरात असं काय आहे जे घरी नाही? लिंबाखाली बसलेले आबा. दिवसभर दोर वळणारा माणूस. मोकळा दोरा दिसला तर त्यांचा हात थांबेल का?

दुसऱ्या दिवशी मी फार चतुराईनं विचारलं. "आबा, त्या पॅराशूटच्या दोऱ्यांना तुमी कधी हात तर न्हाई ना लावला? सहज विचारून राह्यलो."

आबांनी मान वर केली नाही. "माझ्या हातात माझा वाख हाय," ते म्हणाले. "तुझा तुझ्या हातात."

म्हातारपणी माणसं असं काहीबाही बोलतात, असं समजून मी सोडून दिलं. ते तेव्हा समजून बोलले की नुसतेच चिडून बोलले, हे मी पुढं त्यांना बऱ्याचदा विचारलं. ते दर वेळी वेगळं सांगतात.

त्याच संध्याकाळी टीममधल्या एका पोराचा फोन आला. लेक अंगणात उभी राहून बोलत होती. तिकडचा आवाज मला येत नव्हता, पण ती म्हणाली, "होऊन राह्यलं," आणि मग, "व्हय, शिवणकामच." फोन ठेवून ती जेवायला न बसता माळवदावर गेली. बायकोनं ताट झाकून ठेवलं. बऱ्याच वेळानं ती खाली आली आणि खोक्यातली मोटार आमच्यासमोर ठेवली.

"ही शेवटची. सरांनी मोजून दिल्या होत्या. ह्याच्यात न्हाई झालं तर मी सांगून टाकते, मला जमत न्हाई."

ही पोरगी पाचवीत असताना सायकलवरून पडून हाताला प्लास्टर घेऊन आली होती, तेव्हाही 'जमत नाही' म्हणाली नव्हती. डाव्या हातानं पेपर लिहून आली होती.  मी मोबाईल चार्जिंगला लावला, तसाच घरातल्या बाजेवर बसलो आणि विचार करू लागलो. वारा नाही, तारा नाहीत, पावडर नाही, आबा नाहीत.

बायको आतून माझ्या पँटी घेऊन आली. तिच्या मनात रॉकेट नव्हतं, धुणं होतं. तिनं त्या एकावर एक बाजेच्या कडेला टाकल्या. "बघा. सगळ्या एकाच जागी. गुडघ्यापासून वर, लांबच्या लांब पट्टे. घासून घासून हात दुखले, निघत न्हाई. डाव्या मांडीला कणभर न्हाई, उजवीलाच. तुमी तिथं बसून करता तरी काय?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "धरून बसतो."

"पप्पा," लेक म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता.

"काय?"

"हलू नका. नुसतं हाताकडं बघा."

मी बघितलं. माझ्या उजव्या मांडीवर चार्जरची वायर होती आणि तिच्यावर माझा तळहात. तो पुढं गेलेला होता आणि मागं यायच्या बेतात होता. वायरला मस्त पीळ भरला होता. हात माझाच होता, अंगठी माझी होती, पण तो तिथं कधी गेला आणि काय करत होता हे मला विचाराल तर मी तेव्हा नुकताच तिथं पोचलो होतो.

बायकोनं वायरकडे बघितलं. पँटींकडे बघितलं. मग कपाटावर ठेवलेल्या जुन्या, चिकटपट्ट्या लावलेल्या वायरींच्या डब्याकडे बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली. "हल्लीचा माल."

बाहेर ओसरीवर आबा खोकले. ते खोकणं होतं असं मी धरून चालतो.

वाचणाऱ्याला वाटेल की इथं कोडं सुटलं. आम्हालाही वाटलं. पण लेक इंजिनिअरिंगची. ती म्हणाली, पँटीवरून सिद्ध होत नाही, करून बघू. तिनं घडी घातली, माझ्या हातात दिली. "आता वळा."

मी उजव्या मांडीवर दोऱ्या घेतल्या आणि सगळ्यांच्या देखत दाबून पीळ दिला. माळवदावरून सोडलं. उघडलं. इतकं सुरेख, की बायकोनं टाळी वाजवली आणि मग आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे आठवून थांबली.

"असं न्हाई पप्पा. नेहमीसारखं वळा."

"अगं, नेहमी मी वळतच न्हाई!"

"तेच तर!"

मग लक्ष दुसरीकडे वळवून बघायचं ठरलं. बायको मला वेळापत्रकाबद्दल विचारू लागली. वेळापत्रक हा विषय ती आयुष्यात पहिल्यांदा काढत होती. मी उत्तरं देत होतो आणि दोघी माझ्या हाताकडे टक लावून बघत होत्या. माझा हात पहिल्यांदाच बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसलेल्या पोरीसारखा मान खाली घालून मांडीवर पडून राहिला. बोट हलेना. मला घाम फुटला. आठवणीनं विसरायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

"म्हणजे कारण हे न्हाईच," मी म्हणालो. मला जरा हलकं वाटलं.

"कारण हेच हाय," बायको म्हणाली.

"सिद्ध कुठं झालं?"

"कपडे मी धुतले हायेत."

लेक दोघांच्या मध्ये बसून शेवटची मोटार हातात फिरवत होती. तिला कारण नको होतं, पॅराशूट उघडायला हवं होतं. ती शेवटी म्हणाली, "उद्या मम्मी येईल वावरात."

बायको त्याआधी एकदाही आली नव्हती. ती आली, आणि पदर खोचून बांधावर अशी उभी राहिली की शेजारी आपली पोरं घेऊन दोन पावलं मागं सरला. लेकीनं प्लास्टिक पसरलं, पावडर भुरभुरली, घडी घातली, दोऱ्या विंचरल्या. आणि ती घडी माझ्याकडे न आणता आईकडे नेली. बायकोनं दोन्ही तळहात पसरले आणि त्यांच्यावर ते पॅराशूट ओवाळणीच्या ताटासारखं घेतलं. बोटं वाकवलीसुद्धा नाहीत.

मी सवयीनं पुढं झालो होतो. लेकीनं लिंबाखालून आबांच्या वाखाची एक जुडी उचलून माझ्या हातात कोंबली. "पप्पा, तुमी हे धरा. तिकडं बसा, आबापाशी."

शेजाऱ्यानं ते बघितलं. "काहून मास्तर, आज इकडं?"

"मला टीममधून काढलं," मी म्हणालो.

तो हसला नाही. मला वाटतं त्याला पहिल्यांदाच माझी दया आली.

मी आबांच्या शेजारी बाजेवर बसलो. लेक दांडीपाशी वाकून वायर लावत होती.  मग ती परत आली, आईच्या हातावरून घडी उचलली, आत सारली, टोपण बसवलं. एक हात बटणावर, दुसऱ्या हातात मोबाईल. मी ठरवलं होतं की डोळ्याची पापणी लवू द्यायची नाही. हे उघडताना मी बघणार.

"तीन, दोन..."

फुस्स. सगळ्यांच्या माना वर. माझीही. रेघ वर चढली, ठिपका थबकला.

"पेड सुटून राह्यला तुझा," आबा म्हणाले.

मी खाली बघितलं. खरंच सुटत होता. मी तो चिमटीत धरला, तळहात ठेवला, पुढं लोटला, आणि तेवढ्यात बांधावरून अशी काही आरोळी उठली की रस्त्यावरचा एक ट्रॅक्टर थांबला. मान वर केली तेव्हा आभाळात नारिंगी छत्री पुरती उघडलेली होती आणि तिच्याखाली नळकांडं संथ झोके घेत होतं. ते तांड्याच्या बाजूला तरंगत निघालं, शेजाऱ्याची पोरं खालून पळत सुटली आणि शेजारीही, इतक्या दिवसांचा सगळा टवाळपणा विसरून, धोतर सावरत त्यांच्या मागं. बायको तळहात तसेच पसरून उभी होती. आता त्यांच्यावर काहीच नव्हतं.

लेक छत्रीकडे बघतच नव्हती. ती मोबाईलवर ओणवी झाली होती. "आलंय," ती म्हणाली. "आलंय व्हिडिओत. सगळं आलंय." 

रॉकेट तांड्याजवळच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगावर उतरलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. शेजाऱ्यानं ते दोन्ही हातांनी, बायकोनं घडी धरली होती तसंच तळहातावर धरून आणलं.

व्हिडिओ त्या दुपारीच गेला. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. त्या वेळात मी काय वळलं ते विचारू नका. आबांनी पाहून सांगितलं की पीळ ढिला आहे, शेळीसुद्धा थांबणार नाही याला. दिवेलागणीला मोबाईल वाजला. लेकीनं वाचलं आणि आईला म्हणाली, "जेवायला वाढ." पोळीचा पहिला घास गिळल्यावर पुढं, "माझं नाव राहिलं."

माझ्यापुरता घोळ अजून संपलेला नाही. एकदाच उघडलं आहे, आणि त्या सकाळी वारा खरोखर कमी होता. माझ्या हातानं वळून उघडलेलं पॅराशूट माळवदावरून तिघांनी बघितलेलं आहे. हे मी बोलून दाखवलं की बायको काही म्हणत नाही, चार्जर माझ्या हातातून काढून लांबच्या बोर्डाला लावते. तेव्हापासून वायर टिकली आहे, हेही खरं. याचा काय अर्थ लावायचा?

लेक नांदेडला गेली. तिथं पोरांनी तिला सांगितलं, उड्डाणाआधी काय काय तपासायचं ते सगळ्यांसाठी लिहून काढ. तिनं लिहिलं: दोऱ्या एकसारख्या, प्लास्टिकवर पावडर, फिरता आकडा मोकळा, घडीत दोऱ्या सरळ. आणि शेवटी: घडी घातलेलं पॅराशूट पप्पांच्या हातात देऊ नये.

पोरांनी विचारलं, कुणाच्या पप्पांच्या?

ती म्हणाली, "कुणाच्याच."